घर केवढं, गाडी केवढी? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम घरांचे नकाशे काढायचं. ऑफिसात येणारा माणूस आधी प्लॉटचं माप सांगतो, मग खोल्यांची यादी वाचतो आणि चहा येईपर्यंत गाडीवर येतो, कारण हल्ली तळमजला गाडीच्या लांबीवरून ठरतो. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठूनही लोक येवोत, प्रश्न तेच. उत्तरं एकदाची लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान.

प्लॉट आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे. मग मोठं घर का बांधू नये?

बांधा की. फक्त माप कशावरून ठरवताय ते बघा. बहुतेक लोक वर्षातले चार दिवस डोळ्यांसमोर ठेवतात: गड्ड्याची जत्रा, दिवाळी, घरातलं एखादं लग्न, मे महिन्यात आलेली भाचरं. तेवढ्या दिवसांसाठी दोन बेडरूम आणि एक हॉल वाढतो. त्यांचा खर्च मात्र बारा महिने चालू राहतो.

बांधकामाचा दर साधारण दोन हजार रुपये स्क्वेअर फूट धरा. आठशे फूट जास्त बांधलं तर सोळा लाख वाढले. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज असेल तर या जादा भागाचाच हप्ता महिना १३,९०० च्या आसपास जातो, आणि फेडून होईपर्यंत सोळाचे तेहतीस लाख होतात. हे झालं नुसत्या भिंती-स्लॅबचं. फर्निचर, पडदे, पंखे, दर पाच-सहा वर्षांनी रंग, घरपट्टी हे वेगळं. काळ्या मातीचा प्लॉट असेल तर पायाही खोल न्यावा लागतो, मग दर दोन हजारांवर थांबत नाही.

नळाला पाणी चार दिवसांआड येतं. घर मोठं असलं तर त्यात काय फरक पडतो? माणसं तेवढीच ना?

माणसं तेवढीच, पण फरशी तेवढी नाही. सहाशे फुटांचं घर दोन बादल्यांत पुसून होतं, चोवीसशे फुटांच्या घराला त्याच्या चौपट लागतं. धूळ आपल्याकडे कमी नाही, म्हणजे रोज पुसणं आलं. शिवाय संडास-बाथरूम चार असली की चार ठिकाणी फ्लश, चार ठिकाणी गळणारे नळ, चार ठिकाणचं घासणं.

हिशेब करून बघा. शहरी पाणीपुरवठ्याचं मान माणशी रोज १३५ लिटर धरतात. पाच जणांच्या घराला चार दिवसांचे २,७०० लिटर साठवायला लागतात. हौद आणि गच्चीवरची टाकी मिळून हे जमतं. आता समोर हजार फुटांची हिरवळ लावली, तर उन्हाळ्यात तिला चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं, म्हणजे दिवसाला पाचशे लिटर. चार माणसांचं पाणी गवत पितं! उजनीहून शंभरेक किलोमीटर पंप करून आणलेलं पाणी आहे हे. मग बोअर आटतो, मे महिन्यात टँकर बोलवायचा आणि टँकरवाल्याला "जरा लवकर पाठवा हो" म्हणून दिवसातून तीनदा फोन करायचा. हिरवळ नकाशात फार छान दिसते, हे मी कबूल करतो. तरीही मी ती खोडतो आणि तिथे कडुनिंब लावायला सांगतो.

गाडीचंही तेच. पाइप लावून मोठी गाडी धुतली की शे-दोनशे लिटर सहज जातात. ओल्या फडक्यानं आणि दोन बादल्यांत लहान गाडी स्वच्छ होते.

डबल हाइटचा हॉल हवा आहे. उकाड्यात उंच छत बरं नाही का?

छत दहाचं अकरा-बारा फूट केलं तर बरं, यात शंका नाही. वीस फुटांचा हॉल ही वेगळी गोष्ट आहे. लोकांना वाटतं एसीला हवा थंड करायला कष्ट पडतात. खरं तर हवा लवकर थंड होते. एसीला झगडावं लागतं ते भिंती, काचा आणि स्लॅबमधून सतत आत येणाऱ्या उष्णतेशी. उंची दुप्पट झाली की तापणाऱ्या भिंती दुप्पट झाल्या, आणि डबल हाइटवाले हमखास पश्चिमेला उंच काच मागतात. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना दुपारी चारला त्या काचेपाशी उभं राहून बघा.

दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी तासाला एक युनिटच्या आसपास वीज खातो. तीन एसी रोज आठ तास म्हणजे महिन्याला सातशेवर युनिटं. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग असतं. म्हणजे घर दुप्पट केलं की बिल दुप्पट होऊन थांबत नाही.

आपल्या हवेला एक गोष्ट फार अनुकूल आहे: उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे पाण्याचा कूलर इथे खरोखर काम करतो, मुंबईत करत नाही तसं. पण तो बारा बाय चौदाच्या खोलीत, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवून. वीस बाय पंचवीसच्या हॉलमध्ये तो फक्त आवाज करतो.

पण पूर्वीचे वाडे मोठेच होते की! तेव्हा कुणी तक्रार केली का?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि विचारणारे बहुधा वाड्यात वाढलेले असतात. वाडा मोठा होता, पण त्यात तीन पिढ्यांची वीस-पंचवीस माणसं राहत होती. माणशी किती फूट येतात ते काढलं तर आजचा टू बीएचके सैल वाटेल. सोपा, म्हणजे पुढची ओसरी, दिवसा बैठकीची, रात्री झोपायची. एका खोलीला चार कामं होती, आपण चार कामांना चार खोल्या करतो.

आणि माळवदाचं घर थंड राहायचं ते आकारामुळे नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा थर, लहान खिडक्या, मध्ये चौक, उजेडाला साणं. दुपारची धग भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. आजची सहा इंची भिंत आणि पाच इंची स्लॅब दुपारी तापतो आणि रात्रभर ती ऊब खोलीत सोडत राहतो. माळवदाला कष्टही होते बरं. पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकून चोपली नाही तर गळती ठरलेली. ते करायला घरात माणसं होती, हाच मुद्दा आहे.

पाहुणे आले तर झोपायचं कुठे? गेस्ट रूम नको का?

सोलापुरात हा प्रश्न पडावा! चादरींचं गाव आपलं. हॉलमध्ये जमखाना अंथरला आणि कपाटातून चादरी काढल्या की आठ जण झोपतात आणि रात्री एकपर्यंत गप्पाही होतात. गेस्ट रूममध्ये पाहुणा एकटाच छताकडे बघत पडतो. अटॅच बाथरूमची गेस्ट रूम वर्षभर इस्त्रीच्या कपड्यांचं आणि बंद पडलेल्या ट्रेडमिलचं गोदाम होते, हे मी इतक्या घरांत बघितलंय की नकाशावर आता तिला "अडगळ" असंच लिहावं वाटतं.

घरात आजारी माणूस असेल, नेहमी येऊन राहणारी आई असेल, तर खाली एक जादा खोली जरूर काढा. ती पाहुण्यांसाठी नव्हे, रोजच्या वापरासाठी आहे.

मोठ्या घरात माणूस मोकळा राहतो, असं नाही का?

काही मर्यादेपर्यंत. पाच जण एका खोलीत आणि पाच जण तीन खोल्यांत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाच जण तीन खोल्यांत आणि पाच जण सहा खोल्यांत यात तेवढा नाही.

अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. १९७३ मध्ये तिथलं नवं घर सरासरी १,६६० स्क्वेअर फूट होतं, २०१५ मध्ये २,६८७ झालं. त्याच काळात घरातली माणसं सरासरी तीनवरून अडीचवर आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमधल्या ३२ कुटुंबांच्या घरी जाऊन कोण कुठे बसतं याची नोंद केली. सगळे स्वयंपाकघर आणि टीव्हीच्या आसपासच घुटमळत होते. बाकीच्या खोल्यांत सामान होतं. गॅरेजची तर तीन-चतुर्थांश इतकी भरलेली की गाडी आत जात नव्हती.

आपल्याकडेही कुटुंबं आक्रसतायत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या घरात सरासरी ४.४ माणसं निघाली.

मुलं पुण्याला आहेत, आम्ही दोघंच. तरी त्यांच्यासाठी वरचा मजला बांधून ठेवावा का?

त्यांना विचारलंत का? नुसतं "बांधू का" नव्हे, "तुम्ही परत येणार का" असं. सोलापूरची निम्मी तरुण मुलं हुतात्मा एक्स्प्रेसनं गेली ती शनिवार-रविवारपुरतीच परततात. जुळे सोलापुरातल्या कितीतरी बंगल्यांत आज दोन म्हातारी माणसं तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. अशाच एका काकूंनी मला वरचा मजला दाखवला होता. किल्ल्यांचा जुडगा शोधण्यात बराच वेळ गेला. पलंगांवर वर्तमानपत्रं अंथरलेली, गादीला प्लास्टिक तसंच, दाराच्या चौकटीला वाळवी आणि बाथरूमच्या फरशीवर नळाच्या बरोबर खाली पिवळा डाग. त्या स्वतः गुडघ्यांमुळे वर्षभर वर चढल्याच नव्हत्या, दिवाळीच्या आधी बाई लावून झाडून घेतात. बंद खोली जुनी लवकर होते, वापरातली उशिरा.

बांधायचंच असेल तर पाया आणि कॉलम वरच्या मजल्याचं वजन धरून घ्या आणि थांबा. गरज पडली की मजला चढवता येतो. बांधलेला उतरवता येत नाही.

खाली मी, वर धाकटा भाऊ. एकच मोठं घर बांधलं तर खर्च वाचतो ना?

बांधताना वाचतो, पुढे कधी कधी दामदुपटीनं जातो. जिना हॉलमधून, लाइटचा मीटर एक, बोअर एक, टाकी एक, देवघर एक. तुम्हा भावांचं पटतं, चांगलंच आहे, पण घर तुमच्यापेक्षा जास्त वर्षं उभं राहणार. तुमच्या सुना आणि त्यांची मुलं यांचं पटेल की नाही हे आज कोण सांगणार?

वाटणी झालेलं एक घर डोळ्यांसमोरून जात नाही. तीस फुटी हॉल होता, मधोमध चार इंची भिंत घातलेली. छताला पीओपीचं मोठं फूल होतं, त्याच्या अर्ध्या पाकळ्या इकडे आणि अर्ध्या तिकडे. पंख्याचा हूक थोरल्याच्या वाट्याला गेला म्हणून धाकट्यानं भिंतीवरचा पंखा लावलेला. दोन्ही भागांत उजेड नाही, कारण खिडक्या एकाच बाजूला होत्या. एवढा मोठा हॉल आणि दोघांच्याही वाट्याला आली ती बोळासारखी खोली.

म्हणून जिना बाहेरून घ्या. वर स्वयंपाकघराची पाइपलाइन आजच टाका, मीटर आणि टाक्या वेगळ्या ठेवा. मग एकत्र राहायला कुणी अडवत नाही, वेगळं व्हायलाही हातोडा लागत नाही.

मुलाचं लग्न जमवायचंय. स्थळं घर बघून येतात, त्याचं काय?

खरं आहे, येतात. पण मुलीचा बाप घर बघून जातो तेव्हा मुलगी हप्ता विचारते. नव्या सुनेच्या संसारातून वीस वर्षं तेरा-चौदा हजार बाजूला निघणार हे तिला समजल्यावर तीन मजल्यांचं कौतुक जरा ओसरतं.

जाहिरातीत बाराशे फुटांचा फ्लॅट, आत मोजला तर साडेआठशे. हे कसं?

बाराशेत जिना, लिफ्ट, पॅसेजचा वाटा धरलेला असतो. रेरा कायद्याखाली १ मे २०१७ पासून कार्पेट एरिया सांगणं बंधनकारक आहे. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. करारावर तोच आकडा बघा. लहान घर नको म्हणून मोठा आकडा विकत घेणारे लोक हवेचे पैसे देतात.

मोठी गाडी सुरक्षित असते म्हणतात. पुण्याला सारखं जावं लागतं.

आत बसलेल्यांसाठी अर्धं खरं. जड गाडी हलक्या गाडीवर आदळली तर जड गाडीतल्याला कमी लागतं, हे भौतिकशास्त्र आहे, नाकारून चालणार नाही. पण त्याच हिशेबानं समोरच्याला जास्त लागतं. आणि उंच गाडी वळणावर उलटण्याची भीती जास्त.

सुरक्षितता लांबीवरून ठरवू नका, क्रॅश चाचणीचे तारे बघा. ३.८२ मीटरच्या टाटा पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅपही आहे. मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेल्या माणसाला कुठलीच लांबी वाचवत नाही.

बाहेरच्यांचं मात्र कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास जाहीर केला. बॉनेट ४० इंचांहून उंच असेल, तर ३० इंचांच्या आतल्या उतरत्या बॉनेटपेक्षा जीव जाण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. सात-आठ वर्षांचं पोर अशा बॉनेटपुढून सायकलवर गेलं तर ड्रायव्हरला दिसेल का, हे शोरूममध्ये बसल्यावर स्वतःच बघा.

पार्किंग किती ठेवायचं? आणि गावातल्या बोळात गाडी जाईल का?

मारुती ८०० लांबीला ३.३ मीटर आणि रुंदीला १.४४ मीटर होती. आजची स्कॉर्पिओ-एन ४.६६ लांब आणि १.९२ रुंद. जमिनीवर जवळजवळ दुप्पट जागा. अडीच मीटर रुंदीच्या नेहमीच्या पार्किंगमध्ये ती मधोमध लावली की दोन्ही बाजूंना एक-एक फूटही उरत नाही. दार उघडून पोट आत ओढून बाहेर यायचं. जाड माणसांना मी हे स्पष्ट सांगतो, रागावले तरी.

आरशांसकट ती सात फुटांच्या आसपास जाते. साखर पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या दहा-बारा फुटी बोळात अशी एक गाडी उभी असेल तर शेजारून रिक्षादेखील अंग चोरून जाते. अग्निशमनचा बंब किंवा अ‍ॅम्ब्युलन्स आत येणार कशी? पूर्व भागात घराघरांत माग आहेत, सुताचे गठ्ठे आहेत. तिथे बंब दहा मिनिटं अडकणं परवडत नाही. घरी पार्किंग नाही म्हणून बोळात गाडी लावायची असेल, तर ती जागा तुम्ही शेजाऱ्यांकडून फुकट घेताय. त्यांचे टोमणे ऐकून घ्या.

रस्ते खराब आहेत म्हणून उंच गाडी घेतो. त्यात चूक काय?

उंच घ्या, लांब-रुंद कशाला? पंचचाच ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, १८७ मिलिमीटर आहे, आपल्या गतिरोधकांना पुरतो. रस्त्याची झीज चाकावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट तर झीज सोळापट. पण खरं बोलायचं तर आपल्या जिल्ह्यातले रस्ते एसयूव्हींनी नव्हे, क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी आणि ट्रकांनी मोडतात. तो दोष गाडीवाल्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

मोठ्या गाडीचा खर्च नेमका किती जास्त?

आठ लाखांच्या जागी अठरा लाखांची घेतली, वरच्या दहा लाखांवर सात वर्षांचं कर्ज, व्याज साडेनऊ टक्के: महिना १६,३०० चा जादा हप्ता. महिन्याला हजार किलोमीटर फिरणं असेल आणि लिटरला वीसच्या जागी बारा किलोमीटर मिळत असतील तर ३३ लिटर जास्त. टायर, विमा, सर्व्हिसिंग वेगळं.

सरकारही मापानुसार कर घेतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, मोठीला ४०. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, त्यावर १३. तरी २०२३-२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांत सुमारे ६० टक्के युटिलिटी प्रकारातल्या, म्हणजे एसयूव्हीसारख्या, होत्या. उसाचं बिल जमा झालं की गावात कुठली गाडी येते ते तुम्हाला माहीतच आहे, आणि साहेबांच्या मागे लहान गाडीतून कार्यकर्ता फिरत नाही.

पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांनी मतदान करून जड गाड्यांच्या पार्किंगचे दर तिप्पट करायला कौल दिला, जरी मतदानाला आले सहा टक्क्यांच्या आतच. आपल्याकडे नवी पेठेत आधी पार्किंगची जागा सापडू दे, दराचं नंतर बघू.

इलेक्ट्रिक मोठी घेतली तर?

धूर गेला, आकार राहिला. बॅटरीमुळे वजन वाढतं, टायर लवकर झिजतात, बोळ तेवढाच अरुंद.

म्हणजे सगळ्यांनी लहान घरात राहावं असं म्हणणं आहे का?

अजिबात नाही. लहान घराचं कौतुक ज्याला निवड आहे त्याने स्वतःपुरतं करावं. कुंभारीजवळ रे नगरमध्ये विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका यांच्यासाठी तीस हजार घरांची वसाहत उभी राहतेय. त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. ही घरं तीनशे फुटांच्या आसपास. पत्र्याच्या खोलीतून तिथे आलेल्या बाईला ते घर मोठंच आहे. पण त्यात बसून ती विड्या वळणार, मुलगी शिकणार, सासरे झोपणार. त्यांना शंभर फूट वाढवून मिळाले तर ते एकूणएक रोज वापरात येतील. घरातच शिलाई मशीन, गणवेशाचं काम, माग असेल तर जागा हवीच. त्यांच्या नकाशात मी फूट कापत नाही.

घर आधीच मोठं बांधून झालंय. आता काय करू?

पाडू नका! वरचा मजला भाड्यानं द्या. नोकरीवाले आणि विद्यार्थी सतत जागा शोधत असतात, आणि वर वावर राहिला की पाइप, दारं, खिडक्या टिकतात. पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली करा, आतल्या पडद्यानं धग थांबत नाही. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवा.

आणि मोठ्या गच्चीचा एक फायदा आहे, तो घ्या. जिल्ह्यात वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. दोन हजार फुटांच्या गच्चीवरून, वाया जाणारं सोडून, ऐंशी हजार लिटरच्या घरात पाणी मिळतं. ते हौदात किंवा बोअरच्या शेजारच्या खड्ड्यात उतरवा. पहिल्या पावसाचं पाणी गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन येतं, ते बाहेर सोडायला पाइपला वेगळा कॉक ठेवा. प्लंबर विसरतात, उभं राहून बसवून घ्या.